एकाच 'नको'चा देश

ऋतुजाच्या हातून चूक झाली ती तिसऱ्या चमच्याला.

फिनलंडमधल्या कुओपिओ गावात, तळ्याकाठच्या एका वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून लागून तिला सात महिने झाले होते. त्या सकाळी ती एइनो नावाच्या शहाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला लापशी भरवत होती. एइनोने उभं आयुष्य जंगलातून जमिनीची मोजणी करत काढलेलं. पक्षाघाताने त्याचे दोन्ही हात दुबळे झाले होते, बोलणं मात्र शाबूत होतं. दुसऱ्या चमच्यानंतर तो म्हणाला, "नको." ऋतुजा हसली. "एवढा एकच," म्हणत तिने चमचा पुढे नेला. त्याने मान वळवली, पुन्हा "नको" म्हणाला. तिने चमचा त्या बाजूला नेला, लहान मुलाशी बोलतात तसं काहीतरी लाडीगोडीचं बोलली आणि लापशी त्याच्या ओठांना लावली. एइनोने ती गिळली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऋतुजाला वाटलं, म्हातारा गहिवरला. इतकी वर्षं कुणी मायेने भरवलं नसेल बिचाऱ्याला.

दुपारी पिर्कोने तिला आपल्या खोलीत बोलावलं. पिर्को म्हणजे तिथली मुख्य परिचारिका. पन्नाशीची, उंच, आवाज कधी न चढवणारी बाई. तिच्यासमोर एइनोची लेखी तक्रार होती, त्याने सांगून कुणाकडून तरी लिहवून घेतलेली.

"त्यांनी किती वेळा नको म्हटलं?"

"दोनदा. पण ते तसं नव्हतं म्हटलं त्यांनी."

"तसं म्हणजे कसं?"

फिनिश ऋतुजाला आता बरं येत होतं, पण या प्रश्नाचं उत्तर तिला मराठीतही देता आलं नसतं, कारण तिकडे हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

ती फलटणची. तिचे वडील संपत आचारी. लग्न, मुंज, बारसं, तेरावं, कुठलाही स्वयंपाक असो, तालुक्यात त्यांच्या हाताला मागणी होती. आणि चवीहून जास्त नाव होतं त्यांच्या वाढण्याचं. संपत आचाऱ्याच्या पंगतीतून अर्धपोटी उठलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. "नको नको" म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी पडायचीच, आणि पडली नसती तर तोच माणूस घरी जाऊन बायकोला म्हणाला असता की आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. आई लवकर गेल्यामुळे ऋतुजा या पंगतींतच वाढली. पहिला नकार हा नकार नसतो, ती रीत असते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चालायला शिकलो कधी ते जसं आठवत नाही, तसंच ते होतं.

तिकडच्या या शिदोरीचं इकडे हसं होत होतं. पहिल्या दिवशी चहापानाच्या खोलीत पिर्कोने विचारलं होतं, "कॉफी घेणार?" ऋतुजा रीतीप्रमाणे "नको" म्हणाली आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसली. पिर्कोने मान डोलावली. त्यानंतर सात महिने तिला कुणी कॉफी विचारली नव्हती. ती मंडळी दुष्ट नव्हती. तिला कॉफी आवडत नाही हे सगळ्यांनी सौजन्याने लक्षात ठेवलं होतं.

पण एइनोची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तिच्याविरुद्धची ती दुसरी तक्रार होती. तिसरी आली की नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर त्या देशात राहण्याचा परवानाही.

"ज्या माणसाचे हात चालत नाहीत," पिर्को म्हणाली, "त्याच्याजवळ नको हा एकच शब्द उरलेला असतो. तोही तू घेतलास." मग तिने इक्कुना घेणार का, असं विचारलं. इक्कुना म्हणजे फिनिशमध्ये खिडकी. परदेशातून आलेल्या कामगारांसाठी ही उपचारपद्धती तीन वर्षांपूर्वी सुरू झाली होती.

डॉक्टर साल्मींनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. लहानपणी मेंदू ओल्या मातीसारखा असतो. समोरच्याचा आवाज, पापणी, श्वास यांतून त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधायला मूल शिकतं, आणि हे अंदाज ज्या पेशींत साठतात त्यांच्याभोवती हळूहळू एक बारीक जाळी विणली जाते. जाळी पक्की झाली की शिकलेलं टिकतं, पण नवं शिरायला वाट राहत नाही. म्हणून मोठेपणी परदेशी गेलेला माणूस भाषा शिकतो, कायदे शिकतो, पण तिथला माणूस त्याला आतून कळत नाही. इक्कुनाचं औषध ही जाळी सहा आठवड्यांसाठी सैल करतं. त्या काळात कानामागे बटणाएवढं एक यंत्र लावायचं. कुणी "नको" म्हणालं की ऐकणाऱ्याच्या मेंदूत निमिषभरात एक अंदाज उठतो, हे खरं की वरवरचं. यंत्र तो टिपतं. समोरच्याच्या पुढच्या वागण्यावरून अंदाज चुकीचा निघाला की हलकासा विद्युत्‌स्पर्श देऊन ते मेंदूला तसं कळवतं, बरोबर निघाला की गप्प राहतं. मूल दहा वर्षांत शिकतं ते असं दीड महिन्यात शिकता येतं.

"आणि जुनं शिकलेलं?" ऋतुजाने विचारलं.

"जे वापरात नसतं ते मेंदू छाटून टाकतो. तुमची भाषा जाणार नाही, आठवणी जाणार नाहीत. अंदाज जातील. त्यातले कुठले, ते मला आधी सांगता येणार नाही." डॉक्टरांनी हेही सांगितलं की या सहा आठवड्यांत घरी शक्यतो बोलू नये, नाहीतर दोन्हीकडचं एकमेकांत मिसळतं.

सही करण्याआधी तिने वडिलांना फोन लावला. पडद्यावर संपतराव दिसले, खांद्यावर पंचा, मागे घासून पालथी घातलेली पातेली. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, "घेऊ का पप्पा?"

"घे की. तुझ्या चांगल्याचंच आसंल तर घे," ते म्हणाले. मग तिकडे बर्फ पडतंय का ते विचारलं, आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारलं. पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

ऋतुजाला लख्ख कळलं, त्यांच्या मनात नाही. तिने उपचार घेऊ नये, नोकरी सोडून परत यावं असंच त्यांना वाटत होतं, आणि ते तसं कधीही म्हणणार नव्हते. तिचा जीव तुटला. पण परत जाऊन काय करायचं, हे तिच्यापुढे होतंच. आपल्याला कळलंय हे तिने त्यांना कळू दिलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सही केली.

पहिला आठवडा वाईट गेला. कानामागे सारखं टोचल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात टोचणं कमी झालं आणि पाचव्यात जवळजवळ थांबलं. एके दिवशी ती एइनोला भरवत होती. तो "नको" म्हणाला आणि तिचा हात आपोआप थांबला. थांबवावा लागला नाही. तिने वाटी खाली ठेवली.

"आज मला पुन्हा सांगावं लागलं नाही," तो म्हणाला.

त्यानंतर त्यांची चांगली गट्टी जमली. एइनो तिला जंगलातल्या गोष्टी सांगायचा आणि थकला की सरळ म्हणायचा, "आता जा." ती जायची, आणि दोघांनाही त्यात काही वाटायचं नाही. तिने पिर्कोला स्वतःहून सांगितलं, मला कॉफी आवडते. पिर्कोने कप भरून दिला. खरं सांगायचं तर ऋतुजाला या नव्या जगण्यात सुख लाभलं. लोक बोलत होते तेवढंच त्यांच्या मनात होतं. कुणाच्या बोलण्यामागे काय दडलंय ते शोधत बसायचं नव्हतं, रुसवे ओळखायचे नव्हते, कुणी मनात काही धरलं असेल म्हणून झोप घालवायची नव्हती. इतकी वर्षं आपण किती ओझं वाहत होतो, असं तिला वाटायचं, आणि असं वाटलं म्हणून अपराधी वाटेनासंही झालं होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी संपतरावांचा फोन आला. पडद्यावर ते वाळलेले दिसत होते. गालफडं बसली होती.

"पोटाचं जरा बिघडलंय. डाक्टर म्हनत्यात, बारीकसं आपरेशन करू. घाबरन्यासारखं काय न्हाय."

"मी येऊ का?"

"नको गं. येवढ्या लांबनं कशाला? शैला हाय की हितं."

शैलाआत्या, त्यांची धाकटी बहीण, चार घरं सोडून राहायची.

"नक्की नको?"

"मी बरा हाय म्हनलं ना. तुझी कामं कर तू."

"बरं," ऋतुजा म्हणाली.

संपतराव गप्प झाले. थोडा वेळ तसेच बघत राहिले, मग म्हणाले, "बरं, ठिवतो." ऋतुजाने फोन बाजूला ठेवला. वडिलांना बरं आहे, आत्या जवळ आहे, त्यांनी स्पष्ट नको म्हटलंय. तिने आतून काही टोचतंय का ते पाहिलं. काही टोचत नव्हतं. ती कामाला गेली.

अकरा दिवसांनी आत्याचा फोन आला. ती म्हणाली, "पोट उघडलं आन् तसंच शिवलं गं. आत समदं पसारलंय म्हनत्यात. तीन आठवडं, लई झालं तर महिना."

ऋतुजाने तेच पुन्हा विचारलं, आत्याने तेच पुन्हा सांगितलं.

"तू का आली न्हाईस?" आत्याने विचारलं.

"ते नको म्हणाले."

"आगं, तो नको म्हनला आन् तू ऐकलंस?" आत्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "आपरेशनच्या आदल्या दिवशी न्हाव्याला बोलवून दाढी करून घेतली त्यानं. मी नको म्हनलंय पन ती ऐकायची न्हाय, येतीयच बघ, म्हनून समद्यास्नी सांगत हुता. दाराकडं बघत आत नेला त्याला."

ऋतुजाने त्या फोनवरचं बोलणं आठवून पाहिलं. शब्द सगळे आठवत होते. वडिलांचा चेहरा आठवत होता, ते गप्प झालेलं आठवत होतं. पण त्यात "ये" कुठे होतं, ते तिला अजूनही सापडत नव्हतं. असायलाच हवं होतं, आत्या सांगत होती म्हणजे होतंच, पण तिच्यापुरतं तिथे काही नव्हतं. तिने डॉक्टर साल्मींना गाठून विचारलं, खिडकी पुन्हा उघडता येईल का? येईल, ते म्हणाले, पण सहा आठवडे लागतील, आणि ते सहा आठवडे तिच्या गावच्या माणसांत काढावे लागतील. एवढे दिवस तिच्या वडिलांजवळ नव्हते. पिर्कोने दोन आठवड्यांची रजा लगेच मंजूर केली.

दवाखाना फलटणमध्येच, बसस्टँडच्या मागे होता. संपतराव कॉटवर उशीला टेकून बसले होते. तिला दारात बघून म्हणाले, "कशाला आलीस?"

ऋतुजा दारातच थबकली. तिला ते रागावल्यासारखं ऐकू आलं. आत्याने पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं तेव्हा ती पुढे गेली आणि त्यांच्या पायाशी बसली. मग रडली. संपतराव वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले.

पुढच्या दिवसांत तिने एक युक्ती करून पाहिली. आपल्याला आतून कळत नाही, तर नियम करावा: पप्पा नको म्हणाले की उलटं धरायचं. तिसऱ्या दिवशी आत्याने करून आणलेला मऊ भात तिने पुढे केला. ते नको म्हणाले. प्रत्येक वेळी तिचा हात थांबत होता आणि प्रत्येक वेळी ती तो जोराने पुढे रेटत होती. त्यांनी चार घास खाल्ले, आणि पाचव्याला सगळं उलटून पडलं. ते बराच वेळ कळवळत होते. तो नको खरा होता.

"न्हाय जमलं व्हय वळकायला," ते धाप लागलेल्या आवाजात म्हणाले. ते चिडले नव्हते. धंद्यातली गोष्ट नव्या पोराला सांगावी तसं त्यांनी सांगितलं, "पंक्तीत तोंडाकडं बघू नये. मानसाकडं बघावं. ज्याचं पोट खरंच भरलंय, तो पानापासून इतभर मागं सरतो."

कॉटवर पडलेल्या माणसाला मागे सरायला जागा नसते. ऋतुजाने त्यांचं तोंड पुसलं, चादर बदलली. हे तिला कळत होतं, हे तिचं काम होतं. पण आपल्या बापाला परक्या म्हाताऱ्यासारखं नियमाने सांभाळायची पाळी यावी, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी पिर्कोचा निरोप आला. "सोमवारी येणार आहेस की बिनपगारी रजा वाढवू? दोन्ही चालेल. वाढवली तर परवान्याची मुदत नवीन नोंदवावी लागेल आणि ती मिळेलच असं मी सांगू शकत नाही. शुक्रवारपर्यंत खरं काय ते कळव." तिने निरोप वडिलांना वाचून दाखवला. लपवायचं असतं हे तिच्या लक्षातच आलं नाही. कोपऱ्यात मोसंबं सोलत बसलेल्या आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

"मग जा की," संपतराव म्हणाले. "हितं बसून काय करनार? शैला हाय. तिकडं तुझी मानसं वाट बघत असत्याल. माझं काय, आज हाय, लई झालं तर आजून चार दिस."

ऋतुजाने ऐकलं. तिला "जा" ऐकू आलं, त्याहून जास्त काहीही नाही. डोक्याला माहीत होतं की असं म्हणणारा बाप "राहा" म्हणत असतो. डोक्याला हेही माहीत होतं की भाताच्या वेळी आपण असंच धरून चाललो होतो. कदाचित त्यांना खरंच मुलीसमोर असं कळवळायचं नसेल. कदाचित तिचा परवाना जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत असेल. आत्याला विचारावं तर आत्या तिला जे ऐकू येतं तेच सांगणार, आणि आयुष्यभर ऋतुजाला वाटत राहणार की आपण आत्याच्या सांगण्यावरून थांबलो. तिने स्टूल कॉटला लावलं.

"पप्पा, मी एकदाच विचारते. तुम्ही जे म्हणाल तेच करीन. जा म्हणालात तर मी खरंच जाईन. तुमच्या बोलण्याच्या आतलं मला आता ऐकू येत नाही. मी ते तिकडे देऊन बसले. माझी चूक झाली म्हणा, काही म्हणा. पण आता तुम्हालाच सांगावं लागेल, काय हवंय ते."

"आसं कुनी इचारतं व्हय," संपतराव म्हणाले.

"तिकडे विचारतात."

आत्या मोसंबं तसंच हातात धरून बसली होती. संपतरावांनी भिंतीकडे तोंड केलं. हजारो पानांत त्यांनी वाढलं होतं, नको म्हणणाऱ्यांना गोड बोलून चार घास जास्त घालून उठवलं होतं, पण स्वतःसाठी कुणाकडे काही मागितल्याचं ऋतुजाला आठवत नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा लोक विचारायला आले की ते म्हणायचे, काही नको, आमचं चाललंय. बाहेरच्या वऱ्हांड्यात नर्स कुणाला तरी चप्पल काढायला सांगत होती. ऋतुजाला वाटलं, ते बोलणार नाहीत, आणि मग आपल्याला सोमवारी जावं लागेल, कारण त्यांनी शेवटचं सांगितलंय ते "जा" असं आहे.

"जाऊ नको," ते भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले. मग आणखी काहीतरी म्हणाले, ते नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

"भ्या वाटतंय," संपतराव म्हणाले. "मला लई भ्या वाटतंय, ऋतू. एकट्याला नगं वाटतं. तू बस हितं."

आत्या उठली आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. तिला जाताना पाहिलं तेव्हाच ऋतुजाला कळलं की आत्ता या खोलीत जे झालं ते याआधी त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. पूर्वीची ऋतुजा असती तर त्या "जा"मधलं "राहा" तिने तिथल्या तिथे ओळखलं असतं आणि काही न बोलता राहिली असती. उरलेले दिवस दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या. त्यांना भीती वाटते हे तिला कधीच कळलं नसतं, आणि ते ती भीती एकट्याने घेऊन गेले असते. आता तो शब्द जसाच्या तसा, उघडा, तिच्यापर्यंत आला होता, आणि त्याच्यापुढे घालायला तिच्याजवळ रीतीचं काही उरलं नव्हतं. ती हादरली.

"मलाही वाटतंय," ती म्हणाली.

तिने पिर्कोला एका ओळीत कळवलं, सोमवारी येत नाही. मग फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि वडिलांचा हात हातात घेतला. हात थंड होता.

"आता काय करायचं?" संपतरावांनी विचारलं.

"काही नाही. मी बसलीये."

त्यांनी तोंड भिंतीकडून तिच्याकडे वळवलं आणि पहिल्यांदाच न लपवता रडू लागले. ऋतुजाने त्यांना गप्प व्हायला सांगितलं नाही.